मेलेल्या जनावराचा प्रवास

सुरत–भुसावळ लोहमार्गाने ज्या श्रोत्यांनी कधी प्रवास केला असेल त्यांना नवापूरचे स्थानक आठवत असेल. या स्थानकाच्या फलाटावरून दोन राज्यांची सीमा जाते. तिकिटांची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत. फलाटावरील एका बाकाच्या मधोमध रेघ ओढलेली असून तिच्या एका बाजूस महाराष्ट्राचे व दुसऱ्या बाजूस गुजरातचे नाव रंगविलेले आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली, ती नेमकी या फलाटावरून. तेव्हापासून गाडीची वाट पाहणारा उतारू एका राज्यात बसून दुसऱ्या राज्यात पाय पसरू शकतो. प्रवाशांना या गोष्टीची गंमत वाटते, आणि तशी ती वाटावयास हरकतही नाही. परंतु २००६ सालच्या फेब्रुवारीत या सीमेचा निराळाच अर्थ लोकांच्या ध्यानी आला.

नवापूर हे नंदुरबार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. रंगावली नदीच्या काठी वसलेले, भोवती भिल्ल, मावची, कोकणा अशा आदिवासींची वस्ती, आणि सुरत–धुळे महामार्ग अगदी उशाशी. या सोयीमुळे तेथे कुक्कुटपालनाचा धंदा चांगलाच फोफावला होता. पन्नासच्या आसपास लहानमोठ्या पोल्ट्र्या आणि त्यांत लाखो कोंबड्या. अंडी व कोंबड्या येथून गुजरातेत जात, तशाच महाराष्ट्राच्या इतर भागांतही जात. सीमेपलीकडचा उच्छल तालुका त्या वेळी सुरत जिल्ह्यात मोडत असे; पुढे २००७ साली तापी जिल्हा निराळा झाला, तेव्हा तो त्यात गेला.

त्या हिवाळ्यात नवापूरच्या खुराड्यांतून कोंबड्या मरू लागल्या. कोंबड्या मरणे ही पोल्ट्रीवाल्याला अपूर्वाईची गोष्ट नव्हे. मानमोडी, म्हणजे ज्याला राणीखेत म्हणतात तो रोग, अधूनमधून येतच असतो, आणि आरंभी याही वेळी मानमोडीच आली असे पुष्कळांना वाटले. तसे वाटण्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे समजण्याचे कारण नाही. परंतु मानमोडी समजून जे दिवस गेले त्या दिवसांत व्यवहार नेहमीप्रमाणे चालूच राहिले. टेम्पो येत होते, पिंजरे चढत होते, अंड्यांचे ट्रे एका आवारातून दुसऱ्या आवारात फिरत होते, खाद्याची रिकामी पोती परत जात होती. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळ येथील पशुरोग प्रयोगशाळेचा निर्णय जाहीर झाला. हा रोग मानमोडी नव्हता, तो बर्ड फ्लू होता. एच-पाच-एन-एक या नावाने ज्या विषाणूची धास्ती सर्व आशियाने घेतली होती, तो भारतात प्रथमच आढळला होता. आठवडाभरात सीमेपलीकडील उच्छलच्या कोंबड्यांतही तो असल्याचे निष्पन्न झाले, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातून तशीच वार्ता आली, आणि पाठोपाठ मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यातूनही.

नकाशावर ही ठिकाणे पाहिली तर एक गोष्ट चटकन दिसते. नवापूर, उच्छल, जळगाव, बऱ्हाणपूर ही सारी तापीच्या खोऱ्यातील, आणि एकाच रस्त्यांच्या व रुळांच्या जाळ्यातील गावे. रोग कोणत्या वाटेने कोठे गेला याचा पुरावा हा नकाशा देत नाही. रानटी पाणपक्षी हा विषाणू वाहून नेतात हेही खरे आहे. तथापि पाळीव पक्ष्यांतील रोगाला एका आवारातून दुसऱ्या आवारात पोचविण्याचे काम बहुतेक वेळा माणूसच करतो. तो ते जाणूनबुजून करीत नाही. त्याच्या चपलेला लागलेली विष्ठा, टेम्पोच्या फळीवर चिकटलेली पिसे, न धुतलेला ट्रे, आणि सर्वांत घातक म्हणजे पोत्यात भरून कोठेतरी नेऊन टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, यांच्याद्वारे ते आपोआप घडते.

म्हणून त्या वेळी जे नियम लागू झाले ते मुख्यतः हालचालीचे नियम होते. रोग सापडलेल्या जागेभोवती तीन किलोमीटरच्या टापूतील सर्व पाळीव पक्षी मारावयाचे, दहा किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवावयाची, आणि टापूतून पक्षी, अंडी, खत, खाद्य यांपैकी काहीही बाहेर जाऊ द्यावयाचे नाही. मारलेले व मेलेले पक्षी शक्य तर त्याच आवारात खोल खड्डा खणून, चुन्याचे थर देऊन पुरावयाचे. ज्यांनी हे काम करावयाचे त्यांना अंगभर झगे, हातमोजे, तोंडावर पट्टी आणि खबरदारीचे औषध. तीन राज्यांत मिळून त्या मोसमात सुमारे दहा लाख पक्षी अशा रीतीने मारले गेले. माणसांपैकी ज्यांना ताप आला त्यांना वेगळे ठेवून तपासण्यात आले, परंतु रोग कोणालाही लागलेला आढळला नाही. ऑगस्टमध्ये देश रोगमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

खड्डा त्याच आवारात का, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. गावापासून दूर, ओसाड जागी नेऊन पुरले तर अधिक बरे नव्हे काय? वरवर पाहता प्रश्न रास्त आहे. घरात घाण झाली की ती दूर टाकावी ही आपली जुनी सवय. परंतु दूर नेणे म्हणजे वाहन आले, वाहनाबरोबर चालक आला, वाटेवरचे खड्डे आले, पोत्यातून गळणारे पाणी आले आणि मागे लागणारी कुत्री आली. ज्या विषाणूला चालता येत नाही त्याला आपण बैठक देऊन फिरवून आणतो. जिवंत कोंबडी निदान पिंजऱ्यात तरी असते. मेलेल्या कोंबडीला कोणी पिंजऱ्यात घालीत नाही.

सुरतेच्या रहिवाशांना मात्र या नियमाचे आश्चर्य वाटले असल्यास त्यात नवल नाही. कारण त्या शहराने बारा वर्षांपूर्वी नेमका उलटा धडा घेतला होता. १९९४ सालच्या सप्टेंबरात तापीचा पूर ओसरला तेव्हा सखल वस्त्यांतून चिखल आणि कचरा यांबरोबर बुडालेल्या जनावरांची शवे राहून गेली, आणि ती वेळेवर उचलली गेली नाहीत. त्याच महिन्यात शहरात फुप्फुसाच्या प्लेगची साथ सुरू झाली. त्याआधी काही आठवडे बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रोगी आढळले होते. सुरतेतील मृतांची संख्या पन्नासच्या आसपास होती; परंतु लाखो लोक शहर सोडून निघाले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागावर काम करणारी खानदेशची मराठी कुटुंबेही त्यांत होती, आणि भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांना माणसे लोंबकळत होती. शवांतूनच प्लेग आला असे कोणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. प्लेग उंदरांच्या पिसवांतून आणि पुढे रोग्याच्या खोकल्यातून पसरतो. परंतु न उचललेले शव हे न चालणाऱ्या नगरव्यवस्थेचे चिन्ह होते, आणि पुढल्या वर्षी सूर्यदेवर राव यांनी आयुक्त म्हणून शहर झाडून काढले तेव्हा लोकांच्या मनावर ठसले ते एवढेच की घाण ताबडतोब उचलली पाहिजे.

आता एका ठिकाणी सांगितले जाते की ताबडतोब उचला, आणि दुसऱ्या ठिकाणी सांगितले जाते की हात लावू नका. सामान्य माणसाने करावे काय? या दोन आज्ञांत विरोध भासतो तो खरा नाही. कोणी उचलावे, कशा रीतीने उचलावे आणि किती दूर न्यावे, हे तीन प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. शहरात खड्डा खणावयास जागा नसते, म्हणून तेथे झाकलेली गाडी, ठरलेली माणसे आणि ठरलेली जागा लागते. शेतावर जागा असते, म्हणून तेथे गाडीच नको. शव पडून राहणे जेवढे वाईट, तेवढेच ते कोणीही, कसेही, कोठेही नेणे वाईट.

आपल्या समाजाने या प्रश्नांपैकी पहिल्या प्रश्नाचे, म्हणजे कोणी उचलावे याचे, जे उत्तर शतकानुशतके दिले ते लाजिरवाणे होते. मेलेले ढोर ओढून नेणे हे गावाने विशिष्ट जातींवर लादलेले काम होते, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्याच ढोराचे मांस व कातडे त्यांच्या पदरी टाकले जाई. रोगाने मेलेल्या जनावराचा धोकाही अर्थातच त्यांच्याच पदरी पडे. तो कोणी मोजला नाही. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मृत जनावराचे मांस वर्ज्य करण्यास सांगितले. ते स्वाभिमानाचे आवाहन होते, पण आरोग्यशास्त्राच्या दृष्टीनेही त्यात काही गैर काढता येणार नाही. २०१६ साली गुजरातेत ऊना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना अमानुष मारहाण झाली. तेव्हा त्या समाजातील अनेकांनी ढोरे उचलण्याचेच नाकारले आणि काही ठिकाणी शवे सरकारी कचेरीसमोर आणून टाकली. या निषेधाने एक गोष्ट सर्वांना दिसली: ज्यांच्या जिवावर गाव स्वच्छ राहत होते त्यांना गावाने कधी हातमोजेसुद्धा दिले नव्हते.

माणसांबरोबर आणखी एक सफाई करणारा होता, तोही गेला. एके काळी गावाबाहेर ढोर पडले की तासा-दोन तासांत गिधाडे उतरत आणि हाडांचा सांगाडा मागे ठेवून उडून जात. जनावरांना दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या औषधाचा अंश शवात राही आणि ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. वीसएक वर्षांत भारतातील गिधाडे शेकडा नव्वदांहून अधिक घटली. जनावरांसाठी हे औषध बनविण्यास सरकारने मनाई केली ती २००६ साली, म्हणजे नवापूरच्याच वर्षी. गिधाडांची जागा आता भटक्या कुत्र्यांनी घेतली आहे. गिधाड जागच्या जागी खात असे. कुत्रे तुकडा तोंडात धरून पळते, आणि तो वस्तीत आणते.

पाळीव जनावराला मालक असतो. वन्य प्राण्याला मालक नसतो, आणि तेथे अडचण आणखी वाढते. २०२१ च्या जानेवारीत बर्ड फ्लू देशाच्या अनेक राज्यांत पुन्हा आला, तेव्हा सुरत जिल्ह्यात मेलेल्या कावळ्यांच्या नमुन्यांत तो सापडल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. फेब्रुवारीत नवापूरच्या पोल्ट्र्यांनाही त्याने दुसऱ्यांदा गाठले. कावळा मेला तर कोणाचे नुकसान झाले? कोणाचेच नाही. म्हणून त्याची वर्दी देण्याचे कोणास कारण नसते. कोणी तो काठीने उचलून नाल्यात टाकतो, कोणाचे मूल त्याला शेपटीच्या पिसांसाठी हाताळते. आणि तरीही रोगाची पहिली सूचना पुष्कळदा असाच बेवारशी कावळा देत असतो. सुरतेतील ज्या कोणी ते कावळे पाहून पशुवैद्यकीय खात्याला कळविले, त्यांचे नाव कोठे छापून आले नसेल; काम मात्र त्यांनी मोठे केले.

हरणाची गोष्ट कावळ्याच्या उलट आहे. मेलेला कावळा कोणाला नको असतो, मेलेले हरीण सर्वांना हवे असते. डांगच्या किंवा वांसद्याच्या जंगलालगतच्या रस्त्यावर मोटारीच्या धक्क्याने चितळ पडले, तर ते गाडीत घालून नेण्याचा मोह होणारे लोक थोडे नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे हा गुन्हा आहे. मेलेला संरक्षित प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता ठरतो. वनखात्याने पंचनामा करावयाचा, पशुवैद्याने शवविच्छेदन करावयाचे आणि मग त्याची विल्हेवाट लावावयाची. हा नियम शिकाऱ्यांना आळा घालण्यासाठी केलेला आहे हे उघड आहे. परंतु रोगाच्या दृष्टीनेही त्याचे मोल मोठे आहे, कारण प्राणी गाडीच्या धक्क्याने पडला की आधीच आजारी होता म्हणून गाडीपुढे आला, हे पशुवैद्यावाचून कोण सांगणार? रान आणि गोठा यांच्यामध्ये रोगाच्या दृष्टीने भिंत नाही. बुळकांड्या गाईबैलांना होई तसाच गव्यांना आणि सांबर-चितळांनाही होई. तो रोग भारतात १९९५ नंतर दिसला नाही आणि २०११ मध्ये सर्व जगातून गेल्याचे घोषित झाले, हा पशुवैद्यकाचा केवढा तरी मोठा विजय आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच थोडे बोलले जाते.

हरणाच्या शवाविषयी सर्वांत कडक नियम आज कोठे असतील तर ते अमेरिकेत आहेत. तेथे हरणाची शिकार कायद्याने परवानगी घेऊन करता येते, आणि शरद ऋतूत हजारो शिकारी आपली शिकार मोटारीला बांधून शेकडो मैल दूर घरी नेत असत. १९६७ साली कोलोरॅडोतील एका संशोधनकेंद्रात पाळलेली हरणे झिजत झिजत मरू लागली. खाणे असून अंगावर मांस नाही, तोंडातून लाळ, मान खाली, चालण्यात तोल नाही. पुढे १९७८ साली कळले की हा मेंदूचा रोग असून मेंदू स्पंजासारखा सच्छिद्र होतो. इंग्रजीत त्याला क्रॉनिक वेस्टिंग डिसीज म्हणतात. आपण त्याला झिजरोग म्हणू. त्याचे कारण जंतूही नव्हे आणि विषाणूही नव्हे. प्रायॉन नावाचे एक बिघडलेले प्रथिन ते आहे. ते शिजवून नाहीसे होत नाही, आणि एकदा मातीत मिसळले की वर्षानुवर्षे तेथे राहते. १९८१ मध्ये तो रानातल्या प्राण्यांत आढळला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पोचला, आणि आज तेथील तीसहून अधिक राज्यांत आहे. कॅनडातून आणलेल्या एल्क हरणांबरोबर तो दक्षिण कोरियात गेला. २०१६ साली तो नॉर्वेच्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा त्या सरकारने एक सबंध कळप, सुमारे दोन हजार प्राण्यांचा, नाहीसा केला. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. तरीही रोगी हरणाचे मांस खाऊ नये असा तेथील आरोग्यखात्याचा सल्ला आहे. भारतातील हरणांत त्याची नोंद नाही.

तेथील राज्यांनी जे नियम केले त्यांचे सार असे. रोगाच्या टापूतून अख्खे हरीण बाहेर न्यावयाचे नाही. हाडे काढलेले मांस न्यावे, डोके नसलेले कातडे न्यावे, शिंगे न्यावयाची तर कवटीचा तुकडा मेंदूचा अंशही न राहील इतका स्वच्छ करून न्यावा. मेंदू, पाठीचा कणा, प्लीहा, लसग्रंथी, म्हणजे ज्या भागांत रोगाचे बीज अधिक असते ते सर्व, मागे राहिले पाहिजेत. अनेक ठिकाणी रस्त्याच्या कडेला पेट्या ठेवलेल्या असतात. शिकाऱ्याने डोके त्यात टाकावे आणि तपासणीचा निकाल येईपर्यंत मांस खाऊ नये. हे नियम वाचताना पुष्कळांना हसू येईल. पण विचार केला तर त्यांतील धोरण नवापूरच्या खड्ड्याचेच आहे. हरीण आपल्या पायांनी वर्षाकाठी काही मैल जाईल. तेच हरीण मोटारीच्या टपावर एका रात्रीत तीन राज्ये ओलांडते; आणि शिकारी घरी पोचल्यावर उरलेली हाडे परसामागच्या रानात फेकतो, जेथे दुसरी हरणे चरावयास येतात.

प्रायॉन आपल्याकडे नाही, म्हणून मातीत टिकणारा रोग आपल्याकडे नाही असे मात्र नव्हे. शेतकरी ज्याला फाशी म्हणतात तो रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, खेड्यापाड्यांना ठाऊक आहे. चांगले चरणारे जनावर अकस्मात पडते, नाकातोंडातून व गुदद्वारातून काळपट रक्त येते आणि ते गोठत नाही. असे जनावर फाडू नये, सोलू नये, ओढत नेऊ नये. कारण जंतू शवाच्या आत असेतो कुजण्याबरोबर बव्हंशी मरून जातात. परंतु शव फाडले आणि त्यांना हवा लागली की ते कवचधारी बीजाणू बनतात, आणि ते बीजाणू जमिनीत दशकानुदशके जिवंत राहतात. एका कातड्याच्या किमतीसाठी एक सबंध चराऊ रान नासून जाते, आणि सोलणाऱ्याच्या हाताला काळपुळी उठते ती निराळीच.

कायद्याची वाट आता पाहू. १९४८ साली मुंबई राज्याने जनावरांच्या रोगांविषयी कायदा केला तेव्हा सुरत आणि पश्चिम खानदेश हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते. पुढे राज्ये दोन झाली आणि रोग एक राहिला. २००६ मध्ये फलाटाच्या या टोकाला एका सरकारचा हुकूम आणि त्या टोकाला दुसऱ्याचा, अशी स्थिती होती. २००९ साली संसदेने सर्व देशासाठी जनावरांच्या सांसर्गिक रोगांचा कायदा केला. त्यानुसार रोगाचा संशय येताच वर्दी देणे हे मालकाचे, आणि त्याबरोबर ग्रामपंचायतीचेही, कर्तव्य आहे. सरकार एखादा टापू नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते, आणि मग त्यातून जनावर बाहेर नेता येत नाही. रोगी जनावर किंवा त्याचे शव नदीत, तलावात वा कालव्यात टाकणे हा तर त्यात वेगळा गुन्हा मानला आहे. ढोर तापीला अर्पण करून मोकळे होणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पण नियम केला म्हणजे तो पाळला जातो असे नव्हे, आणि येथेच खरी मेख आहे. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहावे. कर्जावर उभा केलेला धंदा. सकाळी खुराड्यात पाचपन्नास कोंबड्या मेलेल्या. वर्दी दिली तर सगळ्याच मारल्या जाणार, शिवाय शेजारच्या निरोगी पोल्ट्र्याही त्यांत जाणार आणि जन्माचे वैर पदरी येणार. वर्दी न दिली तर निदान उरलेल्या विकून चार पैसे हाती येतील. बर्ड फ्लूच्या योजनेत भरपाई मिळते ती सरकारी हुकुमाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची मिळत नाही. सरकारचा हिशेब असा की यामुळे मालक लवकर वर्दी देईल, कारण जितके पक्षी जिवंत असताना तो येईल तितकी भरपाई अधिक. कागदावर हा हिशेब बिनचूक आहे. परंतु ज्याला भरपाई केव्हा हाती पडेल याचा भरवसा नाही, तो उद्याच्या शंभरांपेक्षा आजच्या दहांना अधिक मानतो. त्यातच २००६ मध्ये देशभर लोकांनी कोंबडी व अंडी खाणे एकाएकी सोडले, आणि ज्यांच्या आवारात रोग आलाच नव्हता त्यांचाही धंदा बसला. अशा वेळी मेलेल्या कोंबड्यांचे पोते रात्री ओढ्यात जाते, ते दुष्टपणामुळे जात नाही. ते धास्तीमुळे जाते.

२०२२ साली लम्पी चर्मरोग आला तेव्हाचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. गुजरातेत कच्छ-सौराष्ट्रात गाई मोठ्या संख्येने मेल्या आणि शवे उघड्यावर पडल्याची दृश्ये सर्वांनी पाहिली. ऑगस्टमध्ये तो जळगाव जिल्ह्यातील रावेर तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, शिरला. सप्टेंबरात महाराष्ट्र सरकारने २००९ च्या कायद्यान्वये सबंध राज्य नियंत्रित क्षेत्र ठरविले, जनावरांचे बाजार बंद केले, वाहतूक थांबविली आणि मृत जनावर खोल पुरण्याचा दंडक घातला. त्याबरोबर मृत गाईस तीस हजार, बैलास पंचवीस हजार आणि वासरास सोळा हजार रुपये साहाय्य ठरविले. येथे भरपाई मेलेल्या जनावराची होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला साहाय्य हवे त्याने शव दाखविले पाहिजे. आणि शव दाखवावयाचे तर ते लपविता किंवा नदीत लोटता येत नाही. शेतकऱ्याचे हित आणि शेजाऱ्याचे हित एकाच खुंटीला बांधणारा हा नियम, बर्ड फ्लूच्या नियमापेक्षा, अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. कोंबडीच्या बाबतीतही मेलेल्या पक्ष्यांचा काही भाग धरला, तर सरकारी तिजोरीला फार मोठे खिंडार पडेल असे वाटत नाही. एका आवारात थांबलेला रोग शंभर आवारांतील भरपाई वाचवितो.

प्रत्यक्ष प्रसंगी काय करावयाचे ते थोडक्यात. गुजरात व महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत पशुसेवेसाठी १९६२ हा दूरध्वनी क्रमांक आहे. ठिकाण, जनावर कोणते, किती, आणि केव्हापासून, एवढे सांगावे. वन्य प्राणी असेल तर वनखात्याच्या जवळच्या चौकीलाही कळवावे. माणूस येईपर्यंत शवावर ताडपत्री किंवा काटेरी फांद्या टाकाव्यात, म्हणजे कुत्री व कावळे दूर राहतील. मुलांना जवळ येऊ देऊ नये. हात लागलाच असेल तर साबणाने धुवावा आणि पायांतील वहाणा गोठ्यात नेऊ नयेत. साहाय्याची रक्कम असलेल्या रोगात पंचनामा पुरण्यापूर्वी व्हावयास हवा, नंतर नव्हे. यास्तव खड्डा खणून ठेवावा, पण डॉक्टरांनी पाहून सही केल्याशिवाय माती लोटू नये, आणि त्या कागदाची एक प्रत आपल्यापाशी मागून घ्यावी.